बारीक छेदाला वेळ लागतो

६ फेब्रुवारी १९६६, रविवार. शाळेला सुट्टी होती आणि मी न्हाणीजवळ बसून वनस्पती तुपाचा रिकामा डबा राखेनं घासत होते. आतला तेलकटपणा पुरता गेल्याशिवाय पत्र्यावर काळा रंग धरत नाही. धाकटी जाऊ ओसरीत बाजेवर पडली होती. तिथूनच तिनं विचारलं, "जाऊबाई, एवढा घासून राह्यल्या, त्यात तिखट भरता का?"

"तुलेच भरते."

"मावते का मी त्यात?"

"आता मावशील."

ती हसली आणि हसता हसता खोकली. खोकला थांबेपर्यंत मी घासणं थांबवलं नाही. थांबले असते तर तिला वाईट वाटलं असतं.

तिला क्षय होता. बुलढाण्याच्या दवाखान्यात चार महिने काढून दिवाळीनंतर घरी आणली होती. तिथल्या डॉक्टरांनी माझ्या दिराला बाजूला घेऊन सांगितलं ते त्यानं घरात कुणाला सांगितलं नाही, पण त्याच्या तोंडावरून आम्हाला कळलं. तिची ताटली वेगळी, पेला वेगळा, अंथरूण वेगळं. पाच वर्षांची लेक होती, तिला तुळशीवृंदावनाच्या अलीकडे यायची बंदी. लेक तिथं बसून भातुकली मांडायची आणि ओरडून ओरडून मायशी बोलायची. माय हातानं उत्तर द्यायची, कारण मोठ्यानं बोललं की खोकला सुटायचा. अंगणाच्या दोन टोकांवरून दोघींचा संसार चालला होता.

डब्याची गोष्ट तिच्याच बोलण्यातून निघाली. एके दुपारी मी तिचे केस विंचरत होते, तेव्हा ती म्हणाली, "जाऊबाई, माही माय मेली तवा मी एवढीच होती. मले तिचं तोंड आठवत नाई. लय डोक्शाले ताण देते, पन नाई येत. हात दिसतात निसते, भाकर थापताना. माही पोरगी बी तशीच होईन. मले विसरून जाईन."

मी म्हटलं, "फोटो काढून ठेवू."

हे बोलायला सोपं होतं. तिच्या लग्नात फोटोवाला बोलावलेला नव्हता. आमच्या जानेफळला तेव्हा फोटोचं दुकान नव्हतं, जवळचं म्हणजे मेहकरला. तिला तिथवर नेणं शक्य नव्हतं, एस.टी.चे हादरे तिला सोसले नसते. म्हणून मीच मेहकरला जाऊन दुकानदाराला गावी येता का विचारलं. तो म्हणाला, "लग्नसराई आहे, बाई. अक्षय्य तृतीया होऊ द्या, मग पाहू." अक्षय्य तृतीयेपर्यंत आमच्याकडे वेळ नव्हता, पण हे त्याला दुकानात उभं राहून कसं सांगणार. मी त्याच्याकडून फोटोच्या कागदाचं जुनं, तारीख उलटून गेलेलं पाकीट आणि कागद धुवायच्या पुड्या तेवढ्या घेतल्या आणि परतीची गाडी पकडली.

मी शाळेत शास्त्र शिकवत होते. पुस्तकात सूचिछिद्र कॅमेऱ्याचा धडा होता. बंद खोका, एका बाजूला सुईचा छेद, समोरच्या बाजूला पडदा. भिंग नाही, काच नाही. दरवर्षी मी खोक्याला तेलकट कागद लावून मुलींना शाळेसमोरचं झाड उलटं दाखवत असे. तेलकट कागदाच्या जागी फोटोचा कागद लावला की चित्र टिकतं, एवढाच फरक. म्हणून तो डबा.

सासूबाईंनी विरोध केला. "फोटो काढला की मानसाचं आयुष्य कमी होते म्हनतात."

जाऊ बाजेवरून म्हणाली, "आत्याबाई, आता कमी व्हायले राह्यलं काय?"

सासूबाई उठून आत गेल्या. संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "मले काय करा लागते त्याच्यात?" त्यांना काम हवं होतं. मी म्हटलं, "तुम्ही माळ ओढा." माझ्याकडे मनगटी घड्याळ होतं, तरी वेळ मोजायचं काम त्यांच्या जपमाळेवर सोपवलं. शेगावच्या महाराजांचा जप त्या रोज इतक्या सारख्या लयीत करत की त्यांच्यावर घड्याळ लावावं.

डब्याला आतून काजळी आणि डिंकाची खळ फासली. बुडाला मधोमध रुपयाएवढं भोक पाडलं आणि त्यावर पावडरच्या डब्याचा पातळ पत्रा चिकटवला. खरा छेद त्या पत्र्यात. पत्रा दगडावर ठेवून सुई टोचायची, मागे आलेला कोंब पॉलिश कागदानं घासून काढायचा, पुन्हा टोचायची. छेद गोल आणि स्वच्छ कडेचा आला नाही तर चित्राला मिशा फुटतात. छेदावर बाहेरून काळी चिकटपट्टी. ती काढली की फोटो सुरू, लावली की बंद. कोठीच्या खोलीला दिवसाही अंधार असायचा. तिथं कंदिलाला पतंगाचा लाल कागद गुंडाळला. फोटोच्या कागदाला लाल रंग दिसत नाही, त्यामुळे त्या उजेडात काम करता येतं.

आधी मी ओसरीच्या भिंतीवर आणि तुळशीवृंदावनावर प्रयोग केले. गोधड्या शिवायच्या दाभणाचा छेद, शिवणाच्या सुईचा छेद आणि पोत ओवायच्या बारक्या सुईचं निव्वळ टोक. दाभणाच्या छेदातून उजेड भरपूर येतो, वेळ थोडा लागतो, पण चित्र पुसट. कारण समोरच्या प्रत्येक ठिपक्याची कागदावर टिकली पडते आणि टिकल्यांवर टिकल्या चढतात. छेद बारीक केला की टिकल्या लहान होतात, वृंदावनाच्या कडा उमटतात. पण छेदाची रुंदी निम्मी केली की आत येणारा उजेड चौथाईवर येतो, म्हणजे वेळ चौपट. मला वाटलं होतं की जितका बारीक तितका चांगला. तसंही नाही. पोतीच्या सुईच्या टोकाचा छेद लावला तर वेळ कितीतरी लागला आणि चित्र पुन्हा धुरकट. उजेड फार अरुंद वाटेतून काढला तर कडांपाशी फाकतो. शेवटी शिवणाची सुई ठरली. उन्हात एक माळ पुरी होईतो छेद उघडा ठेवायचा.

एक माळ. धडधाकट माणसालाही तेवढा वेळ दगडासारखं बसणं जड जातं.

पहिला फोटो त्याच आठवड्यात काढला. सकाळचं ऊन ओसरीच्या खांबापर्यंत आलं की तिला खांबाला टेकवून बसवली. डोक्यावरून पदर, चेहरा उघडा, कपाळभर कुंकू. हात गुडघ्यांवर. डबा समोर उखळावर ठेवून वर दगड ठेवला. लेक तुळशीपाशी बसून पाहत होती. मी म्हटलं, "डोळे मिचकावले तरी चालतील, मान हलवू नको." चिकटपट्टी काढली आणि सासूबाईंनी माळ सुरू केली.

पाव माळ झाली, अर्धी झाली. मग तिच्या गळ्याच्या शिरा ताठ झालेल्या मला दिसल्या. तिनं दाबून धरला, डोळ्यांत पाणी आलं, पण खोकला कुणाला दाबता येतो? तिकडे ती खोकायला लागली आणि इकडे सासूबाईंच्या बोटांनी वेग धरला. मणी भराभर सरकू लागले, जणू माळ लवकर संपली तर खोकलाही संपेल. मी पट्टी लावली.

लाल कंदिलाखाली कागद धुतला तर चित्र उलट्या रंगांचं आलं. ते तसंच येतं. उजेड असतो तिथं काळं, सावली असते तिथं पांढरं. त्यावरून दुसऱ्या कागदावर सरळ चित्र उतरवावं लागतं. मी ओला कागद बाहेर आणला तेव्हा सासूबाई घाबरल्या. "काळं तोंड कोनाचं केलं वो हे?"

जावेनं तो कागद लांबूनच पाहिला. तिचे काळे केस त्यात कापसासारखे पांढरे दिसत होते. म्हणाली, "बरं झालं, आत्याबाई. म्हातारी होऊन पाह्यली मी."

मी सरळ चित्र उतरवायला आत गेले.

सरळ चित्रात खांबाच्या लाकडाची शीर न् शीर आली होती. बांगड्या मोजता येत होत्या. हात तिचेच, बोटांची पेरंसुद्धा. मानेच्या वर मात्र दोन-तीन चेहरे एकमेकांत कालवल्यासारखे. दिरानं पाहिलं आणि म्हणाला, "वयनी, हात लय साफ आले." जावेनं मान वळवली. हातच आले होते. तिच्या मायचेही हातच राहिले होते.

दुसरा फोटो दाभणाच्या छेदानं काढला. पाव माळ पुरली, तिला खोकला आला नाही. पण चेहरा म्हणजे ओल्या भिंतीवर पडलेली सावली. बाई आहे एवढं कळत होतं. लेकीला दाखवला तर ती म्हणाली, "हे कोन होय?"

"मीच होय अवं, तुही माय," जाऊ बाजेवरून म्हणाली.

"नाई. हे आजी होय."

आम्ही सगळे हसलो. जाऊ पण हसली. हसली की तिचा डावा डोळा पुरता मिटून जात असे, तसा मिटला.

आता उरलं मधलं. दोन सुयांच्या मधला छेद, अर्धी माळ, बरा म्हणता येईल इतका स्पष्ट चेहरा. पाकिटात कागद थोडेच राहिले होते आणि प्रत्येक फोटोला दोन लागत. मी घाई केली नाही. तिला ताप नसलेल्या, रात्री झोप लागलेल्या सकाळची वाट पाहिली. ती सकाळ महाशिवरात्र झाल्यावर आली. तिनं चेहरा धुतला, स्वतः कुंकू लावलं. मी सगळ्यांना बजावलं की अर्धा तास अंगणात कुणी यायचं नाही. आमचे हे शेतात गेले होते, म्हणून त्यांना सांगायचा प्रश्न नव्हता.

पट्टी काढली. सासूबाई लयीत जप करत होत्या. जाऊ निवांत बसली होती, श्वास हलका, डोळे डब्याकडे. तिची लेक तुळशीपाशी तोंडावर हात धरून बसली होती, जणू तिनं श्वास घेतला तर मायचा फोटो बिघडेल. अर्धी माळ व्हायला थोडे मणी राहिले असतील तेव्हा दाराची कडी वाजली आणि हे आत आले. बैलाचा नाडा तुटला होता, दुसरा न्यायला आले होते. अंगण ओलांडून सरळ गोठ्यात गेले, खुंटीवरचा नाडा घेतला आणि आले तसे निघून गेले. कुणाकडे पाहिलंही नाही.

पण हे तिचे भासरे. नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्याकडे भासऱ्यासमोर बाई चेहरा उघडा ठेवत नाही. दवाखान्यात अर्धी शुद्ध नसतानाही हे भेटायला गेले तर तिचा हात पदराकडे जायचा. आताही गेला. हे दारात दिसले त्याच क्षणी तिनं पदर नाकापर्यंत ओढला आणि मान खाली घातली. हे बाहेर पडले तेव्हा तिच्या लक्षात आलं. पदर वर करून ती माझ्याकडे पाहत राहिली. पट्टी लावून मी म्हटलं, "राहू दे. येईल थोडंफार."

कोठीत कागद धुताना दिसलं. गोठा आला होता, वृंदावन आलं होतं, खांब आला होता. अंगणातून चालत गेलेल्या माणसाचा मागमूस नव्हता. बारीक छेद चालत्या माणसाला धरतच नाही, तो थांबला तरच धरतो. पदर मात्र थांबला होता. चेहऱ्यावर पदर आणि पदरातून चेहरा, दोन्ही अर्धे अर्धे. हनुवटी तेवढी स्वच्छ.

संध्याकाळी यांना सांगितलं तर म्हणाले, "मी कुठं उभा राह्यलो तुमच्या फोटोत? सरळ निघून गेलो."

"तुम्ही नाहीच आले फोटोत," मी म्हटलं. ते खरं होतं. त्यांना कागद दाखवला. बराच वेळ हातात धरून बसले, मग कागद ठेवून उठले आणि जेवायला नको म्हणाले.

त्यानंतर तशी सकाळ आली नाही. होळीच्या आसपास तिला रक्त पडू लागलं. एकदा मला म्हणाली, "जाऊबाई, तुमचे कागद वाया गेले." मी म्हटलं, "कागदाचं काय एवढं." पाडव्याच्या आधी, पहाटे, ती गेली.

घर माणसांनी भरलं. तिला न्हाऊ घालून हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, ओसरीत भिंतीला टेकवून बसवलं. सवाष्ण गेली होती, गावच्या बाया कुंकू लावायला येत होत्या. दीर माझ्याजवळ आला. डोळे कोरडे होते. म्हणाला, "वयनी, डब्बा आना. आता थे हालत नाई."

सासूबाई रडत म्हणाल्या, "काय बोलून राह्यला बे तू!" पण मी उठले. त्याचं म्हणणं बरोबर होतं. पाकिटात शेवटचे कागद होते. शिवणाच्या सुईचा बारीक छेद लावला. सुतकात माळ चालत नाही, म्हणून घड्याळ पाहिलं. हे, तिचे भासरे, अंगणातच उभे होते. आज तिचा पदर मागे होता आणि तो पुढे ओढायला तिचा हात येणार नव्हता. हे माझ्याही लक्षात आलं आणि त्यांच्याही, कारण ते तोंड फिरवून गोठ्याकडे गेले.

तो फोटो सगळ्यांत स्पष्ट आला. नाकातल्या मोरणीचा खडा दिसत होता. ओठावरची भेग दिसत होती. कपाळावरचं कुंकू काळं आलं, कारण कागदाला लाल दिसत नाही. सासूबाईंना ते पाहवलं नाही. तिच्या शेजारी बसलेल्या बाया, मागं उभी असलेली माणसं, सगळी थोडी थोडी हलली होती, रडत होती, म्हणून पुसट होती. ती एकटी स्वच्छ. डोळे मिटलेले.

तेरा दिवस झाल्यावर दीर तो कागद घेऊन मेहकरला गेला. फोटोवाल्यानं त्यावरून मोठा फोटो केला, मागची माणसं पुसून टाकली आणि मिटलेल्या पापण्यांवर ब्रशानं उघडे डोळे काढले. तो सगळ्याच मेलेल्यांना तसे डोळे काढून देत असे, लोक मागतच असत. मोठे, पाणीदार, लांब पापण्यांचे डोळे. कुंकूही लाल केलं. काचेच्या चौकटीत घालून दिरानं तो ओसरीत लावला. गावातल्या बाया पाहून म्हणाल्या, "अस्सल तिच्यासारखी आली." ते डोळे तिचे नव्हेत हे घरातल्या माणसांना दिसत होतं, पण दिरासमोर कोण बोलणार.

जूनमध्ये तिच्या लेकीला मी शाळेत घातलं. एका संध्याकाळी ती शेजारच्या मुलीला ओसरीत घेऊन आली आणि चौकट दाखवून म्हणाली, "माह्या मायचे डोये एवढाले होते." दोन्ही हातांच्या बोटांनी तिनं आपल्या डोळ्यांभोवती मोठी गोल कडी केली. शेजारची मुलगी म्हणाली, "खरंच?" आणि ही म्हणाली, "हाव मंग. मले आठवते."

मी भाजी निवडत होते. तिला काही आठवत नव्हतं. दोन-तीन महिन्यांत भिंतीवरचे डोळे तिच्या डोक्यात जाऊन बसले होते आणि खरे निघून गेले होते. ज्यासाठी डबा घासला तेच झालं, उलट थोडं वाईटच. काहीच न आठवणं निदान खोटं नसतं.

जेवणं झाल्यावर मी दिराला सांगितलं. म्हटलं, ही चौकट काही दिवस आत पेटीत ठेवू, पोरगी मोठी झाली की देऊ. तो चौकटीकडे पाहत बसला. मग म्हणाला, "राहू द्या वयनी. जित्ती होती तवा घरात चार मानसांत तिच्याकडे कधी पायता आलं नाई. आता पायतो तं कोनी काही म्हनत नाई."

चौकट तिथंच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला जायच्या आधी मी पोरीला पुढ्यात घेऊन तिची वेणी घालायला बसले. केसांना तेल लावता लावता सांगितलं, "भिंतीवरचे डोळे त्या मेहकरच्या फोटोवाल्यानं काढले. ब्रशानं. तुह्या मायचे डोळे बारीक होते. हसली की डावा पुरा मिटून जाये."

ती वळून पाहू लागली. मी तिची मान सरळ केली.

"मंग तुमच्या डब्ब्यानं खरे काऊन नाई काढले, मोठीमाय?"

"त्याले वेळ लागते. मानूस हाललं की चालत नाई त्याले. तिले खोकला होता."

तिनं रिबीन बोटाभोवती गुंडाळली. मग विचारलं, "मायले तीळ होता?"

"हनुवटीच्या खाली, उजवीकडे. बारीक."

"आन् दात?"

"पुढचा एक दुसऱ्यावर चढलेला."

"गोरी होती?"

"तुह्यापेक्षा सावळी."

तिनं विचारलं ते मी सांगत गेले. सजवून सांगितलं नाही. वेणी झाली, रिबीन बांधली, पाटी तिच्या हातात दिली आणि दोघी निघालो. वाटेतही ती विचारत होती. माय गाणं म्हणे का, मायले गोड आवडे का तिखट, माय मले काय म्हनून हाक मारे. आठवलं ते सांगितलं. नाही आठवलं तिथं, नाही आठवत असं सांगितलं. शाळेच्या फाटकाशी पहिली घंटा झाली, तेव्हा ती तिच्या वर्गाकडे गेली आणि मी माझ्या.